खंबाटकीत भेटलेल्या त्या दोघांना थँक्यू

उदयपूरहून सांगलीला परत येत होतो, गाडीत आई-पप्पा, बायको आणि दोन पोरं, डिसेंबरची थंडी, रात्रीचे साडेअकरा, आणि खंबाटकी घाट चढताना टेंपरेचरचा काटा एकदम वर, बॉनेटमधून वाफ. (जाताना बोगदा होता ओ, येताना घाटच चढायला लागला.) मी शहाणा, लगेच रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तेवढ्यात मागं थांबलेल्या ट्रकचे ड्रायव्हर काका ओरडले, "हात लावू नका, तोंड भाजंल!" अर्धा तास गार होऊ दिली. होजपाईप फुटलेला, तो त्यांनी ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधला, आणि क्लीनर पोरानं त्यांच्या प्यायच्या कॅनमधलं पाणी ओतलं. वर सांगितलं की हीटर फुल लावा, इंजिनची गरमी आत खेचतंय, आणि चाळीसच्या वर जाऊ नका. तसंच हळूहळू साताऱ्यापर्यंत आलो, हीटरमुळं आईपण खूश! पैसे घेतले नाहीत, उदयपूरची चिक्की तेवढी घेतली. गडबडीत नाव विचारायचं राहिलं, एमएच दहा पासिंग होतं एवढंच आठवतंय. काका, सांगलीचेच असाल तर चहाला या की!