जनसुनावणीला जाताना विहिरींची यादी न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या गर्दीत अधूनमधून एक चौकट येते: पर्यावरणविषयक जाहीर लोकसुनावणी. खाणीचे नाव, क्षमता दशलक्ष टनांत, गावांची नावे, तारीख, वेळ, स्थळ. वणी, मारेगाव, वरोरा, भद्रावती, राजुरा, उमरेड या कोळशाच्या पट्ट्यातल्या वाचकांनी ही चौकट कापून ठेवावी, एवढ्यासाठी हे पत्र. नोटीस निघाल्यापासून लोकांना म्हणणे मांडायला किमान 30 दिवस मिळायला हवेत, असा पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेचा नियम आहे. गावात मात्र बहुतेकांना कळते ते मंडपाचे बांबू येऊन पडले की. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटवा, असे त्याच अधिसूचनेत लिहिलेले आहे. दवंडी अजून कायद्यात जिवंत आहे, गावातून तेवढी गेली.

कोळशाच्या गावांसाठी ही सुनावणी इतकी महत्त्वाची का, हे आधी सांगायला हवे. कोळशासाठी सरकारी कंपनीला लागणारी जमीन सहसा 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने जाते. 2013 च्या भूसंपादन कायद्यातले मोबदला आणि पुनर्वसनाचे हिशेब तिथे लागू झाले, पण सामाजिक परिणामांची गावात येऊन केली जाणारी पाहणी आणि सुनावणी लागू झाली नाही. 1957 च्या कायद्यात कलम 7 ची अधिसूचना निघाल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत घेता येते. ती मुदत कधी सुरू झाली आणि कधी संपली हे कास्तकाराला बहुधा नंतरच समजते. म्हणजे माईक हातात घेऊन अधिकाऱ्यासमोर, व्हिडिओ चालू असताना बोलायची जागा उरते ती पर्यावरणाची जनसुनावणी. मग वर्षानुवर्षांचे सगळे तिथेच बाहेर येते. एकरी भाव, नोकरी, वारसाची भानगड, शेजारच्या जुन्या खाणीतले थकलेले प्रश्न.

त्यात चूक काही नाही, पण परिणाम उलटा होतो. कार्यवृत्ताच्या रकान्यात डावीकडे ‘नोकरी व मोबदल्याबाबत विचारणा केली’ असे येते आणि उजवीकडे ‘कंपनीच्या धोरणानुसार कार्यवाही करण्यात येईल’. असे वीस जण बोलले की वीस ओळी सारख्याच. पाण्याबद्दल, स्फोटांबद्दल, नाल्याबद्दल एकही ओळ नाही.

हे मतदान नव्हे, हे मंडपात शिरतानाच ध्यानात असू द्यावे. या सुनावणीला कोरम लागत नाही. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी (अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा चालत नाही) अध्यक्षस्थानी असतो, पण खाणीला हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार त्या खुर्चीला नाही. निर्णय होतो दिल्लीत किंवा मुंबईत, आणि तिथल्या तज्ज्ञ समितीपुढे गाव पोचते ते कागदावरून. ‘कंपनी नको’ ही घोषणा आणि ‘कंपनी आलीच पाहिजे’ ही घोषणा, दोन्ही त्या कागदावर सारख्याच पोकळ दिसतात. सप्टेंबर 2020 च्या केंद्रीय मंत्रालयाच्या सूचनेनुसार, सुनावणीत आलेल्या मुद्द्यांवर कंपनीने दिलेली आश्वासने पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात घालावी लागतात. मुद्दा नेमका असेल तर त्यासाठी पैसा आणि मुदत मागता येते. मुद्दाच कार्यवृत्तात नसेल तर मागायचे कशाच्या जोरावर?

आता तयारीचे. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा कंपनीचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित पंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय येथे कार्यालयीन वेळेत पाहायला मिळायला हवा. सारांश मराठीत असतो. मूळ अहवाल इंग्रजीत, चांगला जाडजूड. सारांशावर थांबू नये. शाळेतल्या मास्तरांना किंवा कॉलेजातल्या पोरांना सोबत न्यावे आणि चारच प्रकरणे उघडावीत. तिसऱ्यात सध्याची हवा, पाणी, माती यांच्या नोंदी असतात. चौथ्यात काय परिणाम होईल आणि त्यावर उपाय काय. सातव्यात पुनर्वसन. दहाव्यात खर्चाचा आराखडा.

तिसऱ्या प्रकरणात सर्वांत आधी महिने पाहा. या नोंदी पावसाळा सोडून एकाच हंगामाच्या, साधारण तीन महिन्यांच्या असतात, आणि त्या 10 किलोमीटरच्या परिघातल्या. डिसेंबर ते फेब्रुवारी घेतल्या असतील तर विहिरी भरलेल्या दिसतात आणि मे महिन्यातली ओढाताण अहवालात येतच नाही. नाल्याचा पूर तर कोणत्याच हंगामात येत नाही, कारण पावसाळाच वगळलेला.

ही पोकळी भरण्याचे काम गाव करू शकते, आणि त्याला एक वही पुरते. उघड्या खाणीत खड्डा खोल जातो तसे त्यात झिरपणारे पाणी पंपाने सतत बाहेर फेकावे लागते. भोवतालच्या विहिरी उतरतात त्या यामुळे. म्हणून प्रत्येक विहिरीची एक ओळ लिहावी. गट नंबर, खोली फुटांत, दिवाळीनंतर पाणी किती फुटांवर होते, अक्षय तृतीयेच्या सुमारास किती, मोटर किती एचपीची, किती तास चालवली की विहीर आटते आणि परत भरायला किती वेळ घेते. दोरीला दगड बांधून मोजले तरी चालते, मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. मोटर बंद करून एक रात्र जाऊ द्यावी, नाहीतर ‘हा उपशानंतरचा आकडा आहे’ म्हणून कंपनीचा सल्लागार एका वाक्यात उडवून लावतो. आणि माप नेहमी जमिनीपासून धरावे, कठड्यापासून नको. एकदा कठड्यावरून आणि एकदा जमिनीवरून मोजले की अडीच-तीन फुटांचा फरक पडतो आणि सगळी यादी संशयास्पद ठरते. अशा चाळीस विहिरींचा तक्ता, त्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का आणि खाली एक प्रश्न: अहवालातली निरीक्षण विहीर आमच्या गावापासून किती अंतरावर आहे, नाल्याच्या या काठाला की त्या? असा प्रश्न ‘नोंद घेतली’ म्हणून टाळता येत नाही.

स्फोटांचेही तसेच. ‘घरे हादरतात’ एवढे लिहून भागत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाने गावातल्या साध्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाची मर्यादा ठरवली आहे. कंपनाची वारंवारता 8 हर्ट्झपेक्षा कमी असेल तर सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 मध्ये 10, त्यापुढे 15. तेव्हा विचारायचे ते असे: कंपन मोजणारे यंत्र कोणाच्या घराजवळ ठेवणार, खाणीच्या सर्वांत जवळच्या कवेलूच्या मातीच्या घराजवळ की डांबरी रस्त्यालगतच्या शाळेजवळ, आणि आकडे ग्रामपंचायतीला दर किती दिवसांनी देणार? त्याहून मोठी मागणी म्हणजे पहिला स्फोट होण्याआधी घराघरांतल्या भेगांची नोंद, घर क्रमांक आणि तारीख दिसेल अशा फोटोंसह. ही नोंद नसली की पुढे प्रत्येक भेग जुनीच ठरते.

माती-दगडाच्या ढिगाऱ्यांबद्दल (आपल्याकडे सगळे ओबीच म्हणतात) वर्धा, पैनगंगा, इरईच्या काठच्या लोकांना वेगळे सांगायला नको. जुलै 2022 च्या पुरात पाणी कुठवर चढले याच्या खुणा अनेक भिंतींवर असतील. त्यांची उंची मोजून लिहावी. ढिगाऱ्याचा पायथा नदीपासून किती मीटर, नाला वळवणार असतील तर नव्या पात्राची रुंदी किती, आणि तो आकडा कोणत्या वर्षीच्या पुरावर काढला, हे तिन्ही प्रश्न लेखी द्यावेत.

दुकानदार आणि छोटे धंदेवाले या सुनावण्यांना सहसा फिरकत नाहीत. खाण आली की गिऱ्हाईक वाढेल, हा हिशेब. टायरवाल्याचे आणि खानावळीचे वाढतेही. पण ज्या गावाचे पुनर्वसन होणार तिथल्या किराणावाल्याचे, शिंप्याचे, पिठाच्या गिरणीचे गिऱ्हाईकच उठून जाते, आणि दुकानाची जागा भाड्याची असेल तर मोबदला घरमालकाला. 2013 च्या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत शेतमजूर, कुळे, बटईदार आणि कारागीरही घेतले आहेत. अट एवढीच की आधीची तीन वर्षे त्यांचे पोट मुख्यतः त्या भागातल्या कामावर असावे. कारागीर आणि छोट्या व्यापाऱ्याच्या कुटुंबाला एकरकमी मदत किमान 25,000 रुपये आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण तीही पुराव्याअभावी हुकते. आपल्याकडे बटईचा व्यवहार धुऱ्यावर उभे राहून तोंडी होतो, कागद कोणी करत नाही. म्हणून सुनावणीच्या आधीच्या ग्रामसभेत बटईदार, ठेक्याने करणारे, मजूर आणि दुकानदार यांची नावानिशी यादी ठरावाला जोडावी. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत ज्यांची पऱ्हाटी आहे त्यांनीही यावे. धूळ बसलेल्या कापसाला जिनिंगवर कसा भाव मिळतो ते त्यांच्याइतके कोणाला माहीत? मागणी सोपी आहे: ट्रकवर ताडपत्री, रस्त्यावर दिवसातून किती वेळा पाणी मारणार, आणि वेचणीच्या दिवसांत जास्त मारणार का.

जंगलपट्ट्यात आणखी एक घोळ होतो. वनजमीन खाणीला देण्यावर ठराव करणारी वनहक्क कायद्याची ग्रामसभा आणि ही जनसुनावणी यांत लोकांची गल्लत होते, कधी मुद्दाम केली जाते. त्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जनसुनावणीच्या हजेरीपटावरची सही त्या ठरावाची जागा घेऊ शकत नाही.

सहीवरून आठवले. ‘सही केली म्हणजे संमती दिली’ या भीतीने लोक हजेरी लावत नाहीत आणि मग कार्यवृत्तात उपस्थिती फुगलेली दिसते ती इतरांची. हजेरी म्हणजे संमती नव्हे. फक्त पानाच्या वर मथळा आणि तारीख छापलेली आहे का ते पाहावे. कोऱ्या पानावर सही करू नये. निवेदनाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतिनिधीची तारखेसह पोच घ्यावी. प्रत्येक मुद्द्यात अहवालाचे पान, गट नंबर, हरकत आणि मागणी, या क्रमाने चारच ओळी असाव्यात. आणि जेवणाची पाकिटे वाटली गेली म्हणून उठून जाऊ नये. सुनावणी संपताना कार्यवृत्ताचा सारांश उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे आणि त्यावर त्याच दिवशी अध्यक्षांची सही होणे बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी तोवर मंडपात मंडपवालाच उरलेला असतो. दहा जण थांबले आणि ‘वाचा’ म्हणाले, की सुटलेला मुद्दा तिथल्या तिथे घालून घेता येतो. नंतर कार्यवृत्त ग्रामपंचायतीत आणि मंडळाच्या संकेतस्थळावर लागते. त्यावरही लेखी म्हणणे पाठवता येते.

प्रशासनाकडून अपेक्षा फार नाहीत. तिसरे, चौथे आणि दहावे प्रकरण पूर्ण मराठीत द्यावे. 2020 मध्ये केंद्राने याच अधिसूचनेचा नवा मसुदा काढला तेव्हा तो इंग्रजी आणि हिंदीतच होता. इतर भाषांत भाषांतर करा असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. (30 दिवसांचे 20 करण्याचा विचारही त्याच मसुद्यात होता.) तारीख पेरणीत किंवा कापसाच्या वेचणीत ठेवू नये. स्थळ खाणीच्या जागी किंवा अगदी जवळ हवे असे नियमच सांगतो. एटापल्ली-भामरागडकडच्या माणसाला गडचिरोलीला बोलावणे म्हणजे त्याचा अख्खा दिवस आणि मजुरी घालवणे.

शेवटी सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी. मंजुरी मिळाल्यावर कंपनीने सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते आणि मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची असते. ती 30 दिवस फलकावर लावणे ग्रामपंचायतीचे काम आहे. हरित न्यायाधिकरणात अपील करायलाही 30 दिवसच असतात. सबळ कारण दाखवले तर आणखी 60 मिळू शकतात, त्यापुढे दार बंद. ते पत्र कपाटात पडून राहिले तर दिवस गावाचे जातात. तेव्हा प्रत हाती आली त्याच दिवशी आवक क्रमांक टाकावा, पत्र फलकावर लावावे, आणि फलकासकट तारीख दिसेल असा एक फोटो काढून ठेवावा.

आपले,
वणी तालुक्यातील काही वाचक
(जि. यवतमाळ)