गोधडी परत पाठवतोय

प्रिय मित्रा,

पार्सल उघडायच्या आधी हे वाच, म्हणजे एकदम दचकणार नाहीस. तुझ्या लेकीची गोधडी पूर्वीसारखी दिसत नाही. नऊ ठिगळं लागली आहेत, एका बाजूचा गोट, म्हणजे कडेची पट्टी, पूर्ण नवा आहे, आणि ज्या कोपऱ्यापायी एवढा खटाटोप केला तो कोपरा मात्र बघणाऱ्याला जवळपास होता तसाच वाटेल. त्याचं कारण पुढे येईल.

तुझ्या चिठ्ठीत दोनदा माफी मागितली आहेस. 'इतक्या मेहनतीनं शिवलेलीस आणि आम्ही पार वाट लावली.' अरे, वाट लावलीत याचाच तर आनंद झाला! आत्तापर्यंत चौदा शिवल्या असतील मी. त्यातली एक ज्यांना दिली त्यांच्याकडे मागच्या वर्षी गेलो, तर त्यांनी मोठ्या कौतुकानं कपाटातून काढून दाखवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी घातलेली, एकदाही न वापरलेली. घडीच्या रेघांवर कापड पिवळं पडलेलं. मूल सहा वर्षांचं झालंय आणि त्याला ही वस्तू आपली आहे हेच माहीत नाही. मी तोंडावर 'छान जपलीत' म्हणालो. चूक खरं तर माझीच, कारण देताना मीच म्हटलं होतं की जरा जपून वापरा. तेव्हापासून हे तीन शब्द मी बंद केले आहेत.

तुमची गोधडी टेबलावर पसरली आणि आधी तासभर नुसती वाचली. मधले चौकोन उन्हानं आणि धुण्यानं फिके पडलेत, म्हणजे ती वाळायला नेहमी एकाच बाजूनं पडत असणार. निळ्या चौकोनावर बॉलपेनचा डाग. डाव्या कडेला फाटलंय ते झिजून नाही, ओढून. दोन्ही बाजूंनी दोघं धरून ओढत होती बहुतेक. आणि पिवळ्या फुलांचा चौकोन तर जाळीच झालाय. ते कापड तेव्हा मला फार आवडलं होतं, पण वीण विरळ होती. उजेडासमोर धरलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. धागे वेगवेगळे दिसण्याइतकं विरळ कापड मुलांच्या गोधडीत टिकत नाही. हाताला मऊ लागतं आणि आपण फसतो.

माझा आणखी एक आळस उघडा पडला. मधला कापूस जागोजाग गोळा झालाय ना, ते धुण्यामुळे नव्हे. तेव्हा मी धावदोऱ्याच्या ओळी वीतभर अंतरानं घातल्या होत्या, कारण शेवटी शेवटी कंटाळा आला होता. ओळी जितक्या जवळजवळ, तितका आतला थर कमी सरकतो. चार बोटांपेक्षा जास्त अंतर हल्ली मी सोडत नाही. आता गोळे हातानं मोकळे करून मधे नव्या ओळी घातल्यात. नव्या दोऱ्याचा रंग मुद्दाम वेगळा ठेवलाय. लपवाछपवी कशाला?

ठिगळांबद्दल एक सांगतो, तुला पुढे उपयोगी पडेल. ठिगळाचं कापड आधी धुऊन, आटवून घ्यायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभरामागे तीन-चार, कधी पाच इंचही आटतं. कोरं ठिगळ जुन्या कापडावर लावलंस तर ते आटताना भोवतालचं नरम कापड ओढतं आणि भोक मोठं होऊन बसतं. ठिगळ भोकाएवढं नाही घ्यायचं, चांगलं घट्ट कापड जिथून सुरू होतं तिथपर्यंत न्यायचं. दोरा सुतीच. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोक आनंदानं वापरतात, पण जुन्या कापडात तो सुरीसारखा कापत जातो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड तुटलं की संपलं.

आता तो कोपरा.

पार्सलमध्ये तुझ्या चिठ्ठीखाली दुसरी एक चिठ्ठी होती, ती तू पाहिलीस की नाही कोण जाणे. वहीच्या पानाचा चतकोर, पेन्सिलीनं लिहिलेला: 'काका, कोपरा बदलू नका. तोच लागतो.' बाण काढून कुठला तेही दाखवलेलं. बघितलं तर चारांतला सगळ्यात वाईट कोपरा तोच. गोट पूर्ण विरलेला, आतला कापूस बाहेर, आणि कापड अंगठा नि बोट यांच्यामध्ये घासून घासून इतकं गुळगुळीत झालेलं की शिवताना सुई कुठे टेकवावी ते कळेना. झोपताना हातात धरायची सवय असणार. मी तो तसाच बोटांत धरून पाहिला आणि मला कळलं की यावर काहीही चढवलं तरी ते 'तोच' राहणार नाही.

दोन दिवस नुसता पडून होता. मग गोटाची टीप शेजारून उसवली, आतून एक जुन्या साडीचा मऊ तुकडा सरकवला आणि मूळ कापड त्यावर बसवून रफू केलं. एकेरी दोरा, एक ओळ उभी, एक ओळ आडवी, कापडाचाच धागा असल्यासारखी. चष्मा लावूनही रोज वीस मिनिटांच्या वर जमत नव्हतं. अंगठ्याची जागा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, पूर्ण मोकळी सोडलीय. तिथे एकही टाका नाही. ती जागा फार तर दोन वर्षं टिकेल. पुन्हा फाटली तर पुन्हा पाठवा.

तू लिहिलंयस की धाकट्याकडे बाळ येणार आहे आणि या वेळी गोधडी तुला स्वतः शिवायची आहे. आधी हसलो, खोटं कशाला बोलू. कॉलेजात शर्टाचं बटण तुटलं की तू स्टेपल मारायचास. पण मीही काय, पाय प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा वेळ जाईना म्हणून सुई धरली. दोन महिने आहेत तुझ्याकडे, रोज अर्धा तास पुरे.

आकार ३६ बाय ४२ इंच ठेव, तुझ्या घरच्या गोधडीचाच. सहा इंचांचे चौकोन, सहा आडवे नि सात उभे, म्हणजे बेचाळीस. कापताना प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांचा काप, कारण चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं. हे पाव इंच, शिंप्याच्या भाषेत दोन सूत, अगदी जिवापाड सांभाळ. शिवणीत दोनाऐवजी तीन सूत गेलं तर काय बिघडतं असं वाटेल. सात चौकोनांच्या ओळीत सहा शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन्हीकडचं मिळून पाव इंच, म्हणजे ओळ दीड इंच आखूड. सगळ्या ओळी सारख्या आखूड झाल्या तरी एक वेळ चालेल, पण त्या सारख्या होत नाहीत! माझी पहिली गोधडी आयत नव्हती, ती पतंगासारखी होती.

शिवण इस्त्रीनं एका बाजूला दाबायची, आणि पहिल्या ओळीत उजवीकडे दाबलीस तर दुसरीत डावीकडे. मग दोन ओळी जोडताना उंचवटे एकमेकींत बसतात आणि चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पाचव्या गोधडीला उमगलं. तुला फुकटात देतोय.

कापड जुनं घेतलंस तर उत्तम. कोऱ्या कापडाला खळ असते, जुन्याची शंभर धुण्यांत निघून गेलेली असते. सुती आहे की मिश्र, याची शंका आली तर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघ, मोरीत, पाणी जवळ ठेवून. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं आणि त्याचा टणक मणी होतो. लाल आणि गडद निळ्यावर आंधळा विश्वास ठेवू नकोस. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघ. माझ्या एका गोधडीचे पांढरे चौकोन पहिल्याच धुण्यात गुलाबी झाले, आणि घरच्यांनी मोठ्या मनानं 'हेच जास्त छान दिसतंय' म्हटलं.

रंगांवरून तुझं नि वहिनींचं वाजणार, हे आत्ताच सांगतो. बाळ म्हटलं की फिका गुलाबी, फिका निळा, असं सगळ्यांच्या डोक्यात असतं. नवजात बाळाला साधारण वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचंच जरा नीट दिसतं, आणि त्यातही उठून दिसतं ते गडद-फिक्याच्या विरोधाचं. म्हणून काळ्यावर पांढरे ठिपके, लालाशेजारी पांढरा असं चार-सहा ठिकाणी तरी ठेव. फिके रंग मोठ्यांच्या डोळ्यांसाठी असतात.

तीन थर एकत्र धरायला टाचण्या लावू नकोस, लांब कच्चे टाके घाल. मधून सुरू करून बाहेर जा, म्हणजे सुरकुती कडेला निघून जाते. टाचण्यांवर माझा राग का, ते ऐक. एका भाच्याच्या गोधडीला साठ टाचण्या लावल्या होत्या. गोट लावून झाला, काढून मोजल्या, तर एकोणसाठ. पुन्हा मोजल्या. जमीन झाडली, खुर्ची उलटी केली, गोधडी हातानं इंच इंच चाचपली. रात्री दीड वाजता फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढून गोधडीवरून फिरवलं, तेव्हा तिसऱ्या कडेला गोटाच्या घडीत ते टक् करून चिकटलं. गोट उसवून टाचणी काढली आणि पहाटेपर्यंत मला झोप लागली नाही. याच भीतीपोटी मी बटणं, मणी, टिकल्या, लोंबणाऱ्या फिती काहीही लावत नाही. मूल ती गोधडी अंगावर घेण्याआधी तोंडात घालतं.

आणि हे धाकट्याला तू स्वतः सांग, चिठ्ठीत लिहून सोडू नकोस: पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाच्या अंगावर ही गोधडी घालायची नाही, पाळण्यातही ठेवायची नाही. सैल पांघरूण तोंडावर आलं तर एवढ्याशा बाळाला ते बाजूला सारता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ सालच्या शिफारशींतही हेच सांगितलंय: बाळाला पाठीवर झोपवा, बिछाना सपाट आणि घट्ट, आणि त्यात गोधड्या, उश्या, मऊ खेळणी काही नको. मी सुरुवातीला हे सांगायला संकोचायचो. आपणच भेट द्यायची आणि आपणच म्हणायचं घालू नका, कसं दिसतं ते? पण जमिनीवर पसरून बाळ जागं असताना त्यावर पालथं घालायला, लोळायला, पुढे रांगायला गोधडीसारखी दुसरी वस्तू नाही. पांघरायला अख्खं आयुष्य पडलंय. तुझ्या लेकीनंही आधी तिच्यावर लोळूनच घेतलं, झोपेत कोपरा धरणं नंतरचं.

प्रत्येक गोधडीच्या कापडांचे उरलेले तुकडे मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवतो, दोऱ्यानं बांधून. तुमची जुडी नऊ वर्षांनी सुटली. निळ्याचं ठिगळ त्यातूनच आलंय, म्हणून मूळ निळा कसा होता ते तुला त्याच्याशेजारी दिसेल. डबा उघडला की मला हटकून लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलची, म्हणजे सोडून दिलेल्या मुलांच्या अनाथालयाची, आठवण येते. अठराव्या शतकात तिथे आया सांभाळता येत नसलेली मुलं ठेवून जात, आणि पुढेमागे ओळख पटावी म्हणून कापडाचा एखादा तुकडा नोंदीबरोबर टाचून ठेवला जाई. १७६७ मध्ये एका बाईनं छापील कापडांचे तुकडे जोडून त्यावर लाल दोऱ्यानं बदाम काढला, तो मधोमध कापला, अर्धा मुलाबरोबर ठेवला आणि अर्धा स्वतःकडे. १७७५ मध्ये ती परत आली आणि मुलाला घेऊन गेली. अशी परत नेलेली मुलं फारच थोडी. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आठ वर्षं ती तो तुकडा कुठे ठेवत असेल, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

तुझ्या लेकीला डब्यातली उरलेली जुडी पार्सलमध्ये घातलीय, तिचं ती काय करायचं ते करू दे.

धुताना थंड पाणी, पिळायचं नाही, सावलीत आडवी वाळवायची. ओली असताना तिचं वजन दुप्पट होतं आणि टांगली की सगळा भार रफूवर येतो. तुझ्या चौकोनांची कापणी झाली की फोटो पाठव, शिवायच्या आधी. आणि कोपऱ्याबद्दल मालकीणबाईंचा निकाल काय लागतो तो कळव. मी जरा धास्तावलेलाच आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच

ता. क. ठिगळं जागेवर धरायला नाइलाजानं वीस टाचण्या लावल्या होत्या. वीस परत डबीत आहेत. दोनदा मोजल्या, लोहचुंबकही फिरवलं.