दळलेल्या कॉफीच्या धंद्याबद्दल, दुबईतल्या मुलास

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

इटलीहून दळलेली एस्प्रेसो कॉफी मागवून दुबईत विकायचं तुझ्या मनात आहे, हे आईकडून कळलं. मनापासून आनंद झाला. माझी सगळी उमेद दुबईच्या देरा भागात खाद्यपदार्थांच्या आयातीत गेली, तेव्हा या बाबतीत फोनवर घाईघाईत बोलणं मला जमणार नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. सावकाश वाच.

आधी गिऱ्हाइकाचं बोलू. तुझ्या यादीत वरच्या दहा नावांत सात कॅफे आहेत म्हणे. ती काढून टाक. बरा कॅफे दळलेली कॉफी घेतच नाही. त्याच्याकडे ग्राइंडर असतो, तो दाणे घेतो आणि हवेतला दमटपणा बदलला की दळणही बदलतो. शिवाय दुबईतच, अल कूझ भागात, आता कॉफी भाजून विकणारे इतके रोस्टर झालेत की त्याला चार दिवसांपूर्वी भाजलेला दाणा दारात मिळतो. तिथे तू समुद्रमार्गे आलेलं पाकीट घेऊन उभा राहू नकोस. तुझं गिऱ्हाईक वेगळं आहे: घरी मोका पॉट (गॅसवर कॉफी करायचं भांडं) किंवा छोटं मशीन असलेली माणसं, पंधरा-वीस जणांची ऑफिसं, सलून, दवाखाने, सर्व्हिस्ड अपार्टमेंट. यांना ग्राइंडरची कटकट नको असते, ओळखीचं नाव आणि दर वेळी तीच चव हवी असते. स्थानिक अरबांच्या घरी वेलदोडा घातलेला, हलका भाजलेला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, दल्ल्यातून (चोचीच्या किटलीतून) फिंजानात (छोट्या कपात) ओतला जातो. त्याची जागा एस्प्रेसो घेणार नाही, घ्यायची गरजही नाही. त्याच घरातली तरुण मुलं मात्र एस्प्रेसो मशीन विकत घेतात, त्यांच्याकडे लक्ष ठेव.

आता दळणाचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एस्प्रेसोत साधारण ९ बार दाबाने गरम पाणी कॉफीतून जातं आणि २५ ते ३० सेकंदांत कप उतरायला हवा. दळण जरा जाड असलं तर बारा-तेरा सेकंदांतच धार पडते, फिकी आणि आंबट. फार बारीक असलं तर पाणी अडतं, थेंब थेंब गळतं आणि चव करपट होते. दाणे घेणारा हे दोष ग्राइंडर फिरवून काढतो. तुझं दळण कारखान्यातच कायम झालेलं असणार, नंतर दुरुस्ती नाही. घरगुती मशीनला दुहेरी तळाची जाळी असते, ती थोडंफार सांभाळून घेते. मोका पॉटला याहून किंचित जाड दळण लागतं. आणि लेबनीज, सिरियन घरांत पाकीट गेलं तर ते रकवेत (लांब दांड्याच्या भांड्यात) उकळतील, त्यांना पिठासारखी बारीक कॉफी लागते, तुझी त्यांना रवाळ लागेल. म्हणून कुठल्या मशीनसाठीचं दळण आहे हे पाकिटावर अरबीत आणि इंग्रजीत ठळक छापून घे, चित्रासकट. विकायला जाताना एक छोटं मशीन, डिजिटल वजनकाटा आणि स्टॉपवॉच बरोबर ने. ऑफिसच्या पँट्रीत समोर १४ ग्रॅम मोजून कप काढून दाखव. तिथलं पाणीही त्याच वेळी चाखून बघ. दुबईचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, त्यात बऱ्याच ठिकाणी आरओ लावलेला असतो. क्षार फारच कमी झाले की चांगली कॉफीही पोकळ लागते आणि नाव तुझ्या पाकिटाचं खराब होतं.

कॉफी दळली की तिचा वास उडायला लागतो. दाण्याच्या मानाने हवा लागण्याची जागा कितीतरी वाढते. म्हणून निर्वातात दाबलेली वीट किंवा नायट्रोजन भरून एकमार्गी झडप लावलेलं पाकीट, यांशिवाय तिसरं काही घेऊ नकोस. पाकिटावर दीड-दोन वर्षांची मुदत असते, पण ती न फोडलेल्या आणि थंड जागी ठेवलेल्या पाकिटाची. फोडल्यावर पंधरा दिवसांत संपायला हवी. तेव्हा घरांसाठी पाव किलोच ठेव, किलोचं पाकीट फक्त ऑफिसांना.

आणि जुलैचा कंटेनर! बाहेर ४५ अंश असताना यार्डातल्या बंद कंटेनरमध्ये हात लावायची सोय नसते. मे ते सप्टेंबर माल रीफर (आतून थंड ठेवलेल्या) कंटेनरनेच आण, नाहीतर उन्हाळ्यापूर्वी साठा करून वातानुकूलित गोडाऊनमध्ये ठेव. गोडाऊनवाला "एसी आहे" म्हणेल. दुपारी तीन वाजता स्वतः जाऊन तापमान बघ. दुसऱ्यांच्या मालाबरोबर भाग घेऊन आणत असशील तर शेजारी अत्तर, साबण, मसाला नको. कॉफी वास ओढून घेते.

लेबलचं एक उदाहरण डोळ्यासमोर आहे. आमच्या कंपनीत युरोपातून बिस्किटांचा माल आला होता. पुरवठादाराच्या माणसांनी अरबी स्टिकर नेमकं मूळ उत्पादन-तारखेवर चिकटवलं. निरीक्षकाने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला, खालची तारीख पाहिली, आणि पुढचं काही न ऐकता माल अडकवला. तारखा दोन्हीकडे सारख्याच होत्या, पण झाकलेली तारीख म्हणजे संशय. सगळी खोकी फोडून पुन्हा लेबल लावेपर्यंत मुदत आणि भाडं दोन्ही खर्ची पडलं. त्यामुळे अरबी मजकूर छपाईतच घे. दुबई म्युनिसिपालिटीकडे कंपनीची आणि प्रत्येक मालाच्या लेबलची नोंद माल जहाजावर चढण्याआधी झालेली पाहिजे.

पैशांचं गणित करताना दिरहॅम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे हे धर, पण तू पैसे देणार युरोत. युरो वर गेला की तुझा नफा परस्पर जातो, दुकानदार भाव वाढवून देत नाही. कॉफीचा भावही धड नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती. एक भाव किती महिने पक्का, हे लेखी घे. व्हॅट अमिरातीत ५ टक्के, सौदीत १५. म्हणून सध्या "गल्फ" वगैरे म्हणू नकोस. दुबई-शारजा नीट कर, रियाधचं नंतर बघू.

सुपरमार्केटच्या साखळ्यांकडे सुरुवातीला जाऊ नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. फळीवर जागा मिळवायला लिस्टिंग फी, वर वर्षाअखेरची सूट, तीन-तीन महिन्यांची उधारी, आणि मुदत संपत आलेला माल परत तुझ्याच दारात. दळलेल्या कॉफीला हे परवडत नाही. ऑफिसांना दरमहा पोचवायचं ठेवलंस तर माल ताजा राहतो आणि वसुलीही हातात राहते. पुढच्या तारखेच्या चेकवर फार विसंबू नकोस. २०२२ च्या जानेवारीपासून नुसता चेक परत गेला म्हणून फौजदारी होत नाही. कोर्टातून थेट अंमलबजावणी मागता येते हे खरं, पण त्यात वेळ जातो. नवीन गिऱ्हाइकाला पहिले दोन महिने रोखीनेच दे. रमजानात ऑफिसांचा खप दिवसा जवळजवळ थांबतो, तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, ऑर्डर तसा बेत करून दे.

आता माझा आग्रह. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. असा वळसा पडला की इटलीच्या मालाला दोन आठवड्यांहून जास्त उशीर होतो, आणि ते दिवस तुझ्या पाकिटाच्या आयुष्यातून जातात. न्हावा शेवाहून दुबईचं जेबेल अली बंदर एरवी आठवड्याच्या आत. भारताची कॉफी सगळ्यात जास्त घेतो तो इटलीच. एस्प्रेसोवरचा दाट फेस येतो त्यात आपल्या चिकमगळूर-कोडगूच्या रोबस्टाचाही वाटा असतो. मग एक इटालियन नाव ठेवच, पण जोडीला बंगळूर किंवा चिकमगळूरच्या भट्टीत भाजून, तिथेच पॅक केलेला एक ब्लेंड आण. भारत-अमिरात व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. भाजलेल्या कॉफीच्या ०९०१.२१ या जकात-शीर्षकाखाली किती सवलत बसते आणि मूळ देशाचा दाखला कसा लागतो, हे क्लिअरिंग एजंटकडून लेखी मागव. मला वाटतं, वर्षभरात याच ब्लेंडवर तुझं पोट चालेल.

इटालियन कंपनीने पाठवलेल्या करारावर अजून सही करू नकोस. त्यात किमान खरेदीचा आकडा किती, एकट्याचा हक्क फक्त दुबईचा की सगळ्या अमिरातीचा, आणि पोचताना पाकिटावर किती मुदत शिल्लक असलीच पाहिजे, या तीन कलमांपुढे खुणा करून मसुदा मला व्हॉट्सॅपवर पाठव. शुक्रवारी रात्री बोलू, तोपर्यंत मी वाचून ठेवतो. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझे,
बाबा