गुंडमला पोरखेळ म्हणू नका
मा. संपादक,
रविवारच्या पुरवणीत ॲनिमेवर (म्हणजे जपानी कार्टून सिरीजवर) जो लेख आला त्यात रोबोटवाल्या सगळ्या सिरीज लहान पोरांची मारामारी म्हणून एका ओळीत उडवून लावल्यात, ते काही पटलं नाही. निदान 'मोबाईल सूट गुंडम'ला तरी त्यात टाकू नका ना. १९७९ ची सिरीज, दिग्दर्शक योशियुकी तोमिनोची. त्याआधी रोबोट म्हणजे बहुतेक वेळा सुपरहिरोच असायचा, इथे तो सरळ युद्धाचं यंत्र आहे, त्याला दुरुस्ती लागते, गोळ्या संपतात, आणि शत्रूचे रोबोट, झाकू, तर फॅक्टरीत ढिगाने बनतात. गुंडम हा रोबोट चालवणारा आमुरो १५ वर्षांचा पोरगा, मधेच लढायला नको म्हणतो, एकदा तर गुंडम घेऊन पळूनच जातो. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच युद्धात निम्मी मानवजात मेलेली असते!! आणि झिऑनवाले, म्हणजे शत्रूपक्ष, नुसते राक्षस नाहीत, त्यांचा अधिकारी रांबा राल बघा, शत्रू असून त्याच्या मरणाचं वाईट वाटतं.

गंमत म्हणजे तेव्हा ही सिरीज चाललीच नाही, ५२ भाग ठरले होते ते ४३ वर गुंडाळले. मग रीरन, बांदाई या खेळण्यांच्या कंपनीची प्लास्टिक मॉडेलं आणि तीन सिनेमे, तिथून जी सुटली ती अजून थांबली नाही. योकोहामात तर १८ मीटरचा हलणारा गुंडम उभा केलेला, २०२४ पर्यंत होता.

पुढच्या वेळी लेख छापायच्या आधी लिहिणाऱ्याला निदान पहिले चार-पाच भाग बघायला लावा. ड्रॉइंग जुनं आहे, तेवढं सहन करावं लागेल.

— एक वाचक, ठाणे