गॅम्बिया गाळून आफ्रिका कशी समजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशांचे आकार आणि त्यांचे राजकारण यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. असा विषय मराठी दैनिकात क्वचितच येतो, त्याबद्दल आभार. पण सोबतच्या आफ्रिकेच्या नकाशात गॅम्बिया हा पश्चिम आफ्रिकेतला, सेनेगलने तिन्ही बाजूंनी वेढलेला चिमुकला देशच नाही. सेनेगलला दिलेल्या रंगात तो बुडून गेला आहे. आकारामुळे एखाद्या देशाची कशी ओढाताण होते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणार नाही आणि नेमका तोच गाळला गेला, म्हणून हे पत्र.

लेखाचा सगळा भर ‘पट्टीने मारलेल्या रेषां’वर, म्हणजे नकाशावर सरळ आखलेल्या सीमांवर आहे. रेषा सरळ की तंटा आलाच, हे खरे नाही. अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा ४९ अंश अक्षवृत्ताला धरून सुमारे २,००० किलोमीटर जाते, तिथे कोणी कोणाशी भांडत नाही. उलट गॅम्बियाची सीमा बरीचशी वाकडी आहे. १८८९ च्या ब्रिटिश-फ्रेंच करारानुसार गॅम्बिया नदीच्या मुखाजवळच्या भागात ती सरळ काढली, पण वरच्या अंगाला नदीपासून दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोमीटर, नदी वळेल तशी वळवली. (तोफेचा गोळा जिथवर पोचला तिथवर सीमा, ही लेखातली हकीकत दंतकथा आहे. करारात किलोमीटरच लिहिले आहेत.) नदी इंग्रजांकडे, सभोवतालचा मुलूख, म्हणजे आजचा सेनेगल, फ्रेंचांकडे.

त्यामुळे ५० किलोमीटरही रुंद नसलेली ही लांबलचक पट्टी सेनेगलच्या पोटात घुसली आणि दक्षिणेकडचा कासामान्स राजधानी डाकारपासून तुटला. कासामान्स हा पावसाचा, भात पिकवणारा प्रदेश. तिथला माल डाकारला न्यायचा तर खुष्कीचे मार्ग दोनच. एक तांबाकुंडावरून, गॅम्बियाला पूर्वेकडून पूर्ण वळसा घालून, शेकडो किलोमीटर जास्तीचा. दुसरा गॅम्बियातून आरपार. त्यात दोन सीमानाके, दोनदा कागदपत्रे आणि मध्ये फाराफेन्नीजवळ नदी ओलांडायला फेरीबोट. बोटीत ट्रक मोजकेच मावत. ती बिघडली की मागे रांग, आणि रांगेत नासणारा माल. वर ही फेरी परक्या सरकारच्या हातात. २००५ मध्ये तिचे दर वाढले, तेव्हा सेनेगलच्या ट्रकवाल्यांनी सीमा अडवली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गॅम्बियाने ट्रकमागचा कर ४,००० सीएफए फ्रँकवरून (हे सेनेगलचे चलन) एकदम ४,००,००० वर नेला आणि सीमेवरची वाहतूक सुमारे तीन महिने ठप्प झाली. कासामान्समध्ये १९८२ पासून स्वातंत्र्याची चळवळ आहे. तिथली माणसे डाकारला निघाली की ‘सेनेगलला चाललो’ म्हणतात. त्या चळवळीचे मूळ तुमचा लेखक फक्त जमातींच्या भेदात शोधतो. रस्त्याकडे त्याने पाहिलेलेच नाही.

रस्ता असा आणि त्यावर बंडखोरांची भीती, म्हणून लोक समुद्राने जात. २६ सप्टेंबर २००२ रोजी कासामान्समधल्या झिगिंशोरहून डाकारला निघालेली ‘ल जोला’ ही बोट रात्री गॅम्बियाच्या किनाऱ्यासमोर उलटली. क्षमता सुमारे ५८० माणसांची. मेले १,८०० हून अधिक, वाचले फक्त ६४. सुट्टी संपवून डाकारला परतणारे विद्यार्थी त्यात मोठ्या संख्येने होते. दुरुस्तीसाठी वर्षभर बंद असलेली ही बोट त्याच महिन्यात पुन्हा सुरू झाली होती. गर्दी, वादळ, निष्काळजीपणा ही कारणे खरीच. पण इतकी माणसे त्या बोटीवर का चढली, याचे उत्तर नकाशातच आहे. तुमच्या नकाशात मात्र ते दिसत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये फाराफेन्नीजवळ पूल सुरू झाला. सीमा होती तिथेच आहे, पण आता ट्रक काही मिनिटांत पलीकडे जातो. नुसता आकार दाखवून भागत नाही. राजधानी कुठे आहे आणि तिथवर पोचायला कोणाची दारे ओलांडावी लागतात, तेही दाखवावे लागते.

‘भारतात असा पेच नाही’ हे वाक्य तर छापायलाच नको होते. आगरतळ्याहून कोलकात्याला रेल्वेने गुवाहाटी, सिलिगुडी करत सुमारे १,६०० किलोमीटर पडतात. बांगलादेशातून थेट गेले तर साधारण ५००. कूचबिहारकडच्या छिटमहालांचा, म्हणजे चहूबाजूंनी परक्या देशाने वेढलेल्या तुकड्यांचा, लेखात उल्लेखही नाही. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात आणि त्यांचे ५१ आपल्याकडे होते. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल होईपर्यंत तिथल्या माणसाला आपल्याच देशात यायला परका मुलूख ओलांडावा लागे.

याच अंकातली आणखी एक गोष्ट. ठाणे आवृत्तीच्या तिसऱ्या पानावर जिल्ह्याचा जो नकाशा आहे, त्यात जव्हार, मोखाडा, तलासरी अजून ठाण्यातच आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि हे तालुके तिकडे गेले. एका सहीसाठी मोखाड्याच्या माणसाचा अख्खा दिवस ठाण्याच्या कलेक्टर कचेरीच्या खेपेत जायचा. जिल्हा कशासाठी तोडला, हे ठाण्यातल्या पत्रकारांना मी सांगायची गरज पडू नये.

दोन्ही नकाशे येत्या रविवारी दुरुस्त करून छापावेत. गॅम्बियाला वेगळा रंग द्यावा आणि नदीही काढावी, नदीशिवाय ती सीमा अशी का वळते ते कळणार नाही.

भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक,
चरई, ठाणे (पश्चिम)