चिवडा डब्यात आहे

सोन्या,

परवा मेसमध्ये घास अडकला हे तू सांगितलंच नाहीस, तुझ्या रूममेटने ताईला सांगितलं आणि ताईने मला. आईला अजून माहीत नाही. रागवायला लिहीत नाहीये, पण अर्धा तास बेसिनपाशी थुंकत उभा होतास म्हणे, एक फोन करता येत नव्हता का?

हळू खा, एवढंच सांगायचं होतं. नान, चिकन असलं बारीक चावून, मधेमधे पाणी पीत. तुझी अन्ननलिका जोडलेली, ती आमच्यासारखा घास खाली ढकलत नाही, पाण्याने न्यावा लागतो, हे मी तुला काय सांगणार, पाठ आहे तुला. आणि थुंकीसुद्धा उतरेना झाली तर वरून अजून काही खाऊन ढकलायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची. झालं लेक्चर, सॉरी.

काय करू, मला अजून ती ॲम्ब्युलन्स दिसते. आई टाके घेऊन कराडला आणि मी तुला घेऊन पुण्याच्या रस्त्याला, दोन किलो शंभरचं गाठोडं, तोंडाला सारखा फेस. नळी घातली तर पोटात जाईचना, एक्स-रेत वरच गुंडाळलेली दिसली. अन्ननलिकेचा वरचा भाग बंद, खालचा श्वासनलिकेला जोडलेला. तीन-चार हजारांत एखाद्याला असतं म्हणाले. नंतर कुठेतरी वाचलं, एकाच ऑपरेशनात दोन्ही टोकं जोडून बाळ वाचलं ते पहिल्यांदा १९४१ ला, अमेरिकेत. आपले आबा १९३९ चे. असली गणितं मनात का येतात कुणास ठाऊक.

मग तुझी ती जोडलेली जागा आवळत गेली, फुग्याने रुंद करायला किती वेळा नेलं, सातव्यानंतर मोजणं सोडलं. तुझा तो भुंकल्यासारखा खोकला, शेजारच्या काकू विचारायच्या कुत्रं पाळलंय का. आणि पहिलीत असताना जत्रेला आज्जीकडे तू अख्खी भाकरी खाल्लीस पिठल्याशी, सगळी पंगत हात थांबवून बघत होती, रात्री आज्जीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

एकटा राहतोयस, सगळं निभावतोयस, छाती फुगते रे माझी. पण जेवताना मोबाईल बघत घाईघाईने... परत सुरू झालो. जेवून लगेच आडवा होत नाहीस ना? सकाळची गोळी? शनिवारी एंडोस्कोपीची अपॉइंटमेंट घेतलीय, परत आवळलंय का बघायला हवं. आईला काय सांगायचं ते मी बघतो.

ताईबरोबर डबा पाठवलाय. दशम्या आईच्या. चिवडा मी गुपचूप टाकलाय, शेंगदाणे वेचून काढलेत.

बाबा