नायजेरियात डोकी म्हणजे पैसा

संपादक महोदय,

नायजेरियातील जनगणनेचा वाद ‘उत्तर विरुद्ध दक्षिण’ एवढ्यावर सोडून देता येत नाही. खरी मेख वाटपाच्या सूत्रात आहे. केंद्रीय महसुलातील राज्यांच्या वाट्यापैकी ४० टक्के सर्वांना समान आणि ३० टक्के लोकसंख्येनुसार मिळतो. प्रतिनिधीगृहाच्या ३६० जागाही लोकसंख्येवरच. मग आकडा कोण कमी सांगेल?

१९६२च्या मोजणीत पूर्व प्रांत १९५३च्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे वर्षाला जवळपास ६ टक्के. नुसत्या जन्मांनी एवढी वाढ होत नाही. ती मोजणी रद्द झाली, १९७३चीही. २००६मध्ये उत्तरेतील कानो राज्य ९४ लाख, दक्षिणेतील लागोस ९० लाख असे जाहीर झाले, तर लागोस राज्याने स्वतःच्या मोजणीतून पावणेदोन कोटींचा दावा केला! धर्म आणि वंशाचे रकाने तेव्हा मुद्दाम वगळले होते. पण राज्यवार बेरीज राहतेच, आणि भांडण तिचेच.

फुगवटा पकडायचा तर एकूण आकडा बाजूला ठेवून वयोगट पाहावेत. दहा वर्षांपूर्वी पाच ते नऊ वयाची जितकी मुले होती, त्याहून आज पंधरा ते एकोणीसची जास्त भरली आणि तेवढे स्थलांतर झालेले नसेल, तर ती माणसे कागदावरच जन्मली आहेत.

– एक वाचक